पुंगळी आतून पाहावी

वापरलेली वस्तू लगेच टाकू नये, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. तेलाचा डबा धान्याला लागतो, जुन्या लुगड्याची गोधडी होते. अशा घरात वाढलेल्या माणसाला धडधाकट दिसणारी वस्तू फेकताना जिवावर येतं. हा संस्कार मोलाचा आहे. पण काही वस्तूंच्या बाबतीत तो एकटा पुरत नाही. त्या जपण्याआधी नीट ओळखाव्या लागतात, आणि ओळख पटली नाही तर मोह आवरून टाकून द्याव्या लागतात. शॉटगनच्या काडतुसाची रिकामी पुंगळी ही अशीच एक वस्तू. आजच्या चिंतनासाठी ती मुद्दाम निवडली आहे. काटकसर करणं आणि चालवून घेणं यांतलं अंतर तिच्याइतकं स्पष्ट मला फार थोड्या ठिकाणी दिसलं आहे.

विषय अमेरिकेतला आहे. थंडीची चाहूल लागली, की कॅनडाच्या आणि डाकोटांच्या गवताळ मुलखातल्या तळ्यांवरून बदकं आणि रानहंस दक्षिणेकडे निघतात. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, आर्कान्सा असं करत मिसिसिपीच्या खोऱ्यातून त्यांचे थवे उतरतात. त्या हंगामात तिथे परवाना घेऊन पाणपक्ष्यांची शिकार चालते. या शिकाऱ्यांमध्ये आपली काडतुसं स्वतः भरणारा एक वर्ग आहे. घराच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये टेबलाला हाताने ओढायचं प्रेस बसवलेलं असतं. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावी उभ्या राहिलेल्या 'मेक' कंपनीची प्रेस या कामासाठी घरोघरी माहीत आहेत. उडालेल्या काडतुसाची पुंगळी घ्यायची, तिच्या बुडातला जळका प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा छोटा भाग, काढून नवा बसवायचा, मोजून दारू ओतायची, वर प्लास्टिकची वॅड, म्हणजे दारू आणि छर्रे वेगळे ठेवणारी गुडदी, दाबायची, वॅडच्या पेल्यात छर्रे भरायचे आणि पुंगळीचं तोंड घड्या घालून मिटायचं. प्रायमर, दारू, वॅड आणि छर्रे प्रत्येक वेळी नवे असतात. जुनी असते ती फक्त पुंगळी. त्यामुळे ती निवडताना केलेली हयगय पुढच्या कुठल्याही पायरीवर भरून निघत नाही.

हे छर्रे आज पोलादी का असतात, ते आधी समजून घ्यायला हवं. पुंगळीचा प्रश्न तिथूनच अवघड होतो.

कित्येक पिढ्या छर्रे शिशाचे होते. शिसं जड, मऊ आणि स्वस्त. चार नंबरचे शिशाचे छर्रे एका औंसात सुमारे 135 बसतात. पक्षी पाडायला त्यांतले मोजकेच लागतात; बाकीचे पाण्यात पडतात आणि तळाच्या गाळात जाऊन बसतात. बदकाला दात नसतात. दाणे दळण्यासाठी ते तळाचे बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत, म्हणजे पेषणीत, साठवून ठेवतं. खड्यांबरोबर छर्राही पोटात जातो. पेषणीत तो घासला जातो, आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. पंखांतली ताकद जाते, खाल्लेलं अन्न पुढे सरकत नाही, पक्षी खंगतो आणि पाणगवताच्या आडोशाला जाऊन मरतो. असा पक्षी गरुडाने खाल्ला, की विष गरुडापर्यंत पोहोचतं. अमेरिकेच्या राजमुद्रेवर ज्याचं चित्र आहे तो बाल्ड ईगलही अशा विषबाधेने मेलेला सापडत असे.

ही गोष्ट कुणाला ठाऊकच नव्हती असं नाही. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी 1894 साली याविषयी लिहिलं होतं. इलिनॉयमध्ये फ्रँक बेलरोझ यांनी दीर्घकाळ अभ्यास करून 1959 साली अंदाज मांडला, की उत्तर अमेरिकेतल्या पाणपक्ष्यांपैकी दोन ते तीन टक्के दरवर्षी शिशाच्या विषाने मरत असावेत. तरीही पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर देशभर बंदी लागू व्हायला 1991 साल उजाडलं. मधली तीसेक वर्षं वादात गेली. पोलादाने पक्षी नुसता जखमी होतो, नळ्या खराब होतात, खर्च वाढतो, असे आक्षेप होते. जुन्या पातळ नळ्यांच्या बाबतीत त्यांत तथ्यही होतं. पण मला वाटतं, वाद इतका लांबला याला आणखी एक कारण होतं. बंदूक उडाल्यावर पक्षी पडतो, हे डोळ्यांना दिसतं. गाळातला छर्रा पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्ष्याला मारतो, हे दिसत नाही. मेलेली बदकं पाणगवतात पडून राहतात, कोल्हे-गरुड ती उचलून नेतात, आणि शिकाऱ्याच्या नजरेला तळं नेहमीसारखंच दिसतं.

बंदीनंतर मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या बदकांची तपासणी झाली. शिशाच्या विषबाधेने होणारे मॅलार्ड बदकांचे मृत्यू 64 टक्क्यांनी घटले असावेत, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. 1997 सालच्या एका हंगामात उत्तर अमेरिकेत सुमारे 14 लाख बदकं या बदलामुळे वाचली असावीत, असंही त्या अभ्यासकांनी म्हटलं. छर्ऱ्याचा धातू बदलल्याने इतके जीव वाचत असतील, तर तो बदल नीट पेलणं हे काडतूस भरणाऱ्याचं कर्तव्य ठरतं.

पेलणं म्हणायचं, कारण पोलाद शिशासारखं वागत नाही. शिशाची घनता 11.3, पोलादाची जेमतेम 7.9. त्यामुळे तेवढ्याच वजनाचे पोलादी छर्रे पुंगळीत जवळजवळ दीडपट जागा खातात. हलके असल्यामुळे ते हवेत वेग लवकर गमावतात, म्हणून साधारण दोन नंबरांनी मोठे घ्यावे लागतात आणि अधिक वेगाने सोडावे लागतात. शिवाय पोलाद चेपत नाही. शिशाचे छर्रे नळीच्या अरुंद भागातून जाताना थोडे दबून वाट काढतात. पोलादी छर्रे दबत नाहीत, आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणून त्यांच्यासाठी सावकाश जळणारी दारू लागते. छर्रे नळीला घासू नयेत यासाठी जाड भिंतीची वेगळी वॅड लागते. छर्रेही काडतुसांसाठीच बनवलेले, मऊ केलेल्या लोखंडाचे हवेत. बेअरिंगमधल्या गोळ्या दिसायला तशाच, पण त्या इतक्या कठीण असतात की नळीचं नुकसान करतील. शिशासाठी लिहिलेलं प्रमाण पोलादाला लावता येत नाही, मग वजन तेच का असेना.

आता पुंगळीकडे येऊ. बारा बोअरच्या पाच-सहा कंपन्यांच्या पुंगळ्या टेबलावर उभ्या केल्या, तर रंग सोडला तर फरक जाणवत नाही. उंची तीच, जाडी तीच, बुडाला पिवळ्या धातूची तीच टोपी. फरक आत आहे. रेमिंग्टनची 'एसटीएस' पुंगळी प्लास्टिकच्या एकाच तुकड्यातून दाबून घडवलेली असते. तिची भिंत बुडाकडे जाड होत जाते, त्यामुळे आतली जागा खाली निमुळती होते. मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरणारे लोक या पुंगळीवर जीव टाकतात, कारण ती पुन्हापुन्हा भरता येते. चेडाइट किंवा फिओकीची पुंगळी म्हणजे सरळ प्लास्टिकची नळी आणि तिच्या बुडात वेगळी बसवलेली बेस वॅड. सरळ भिंतीमुळे तिच्यात जागा जास्त मिळते, आणि जागाखाऊ पोलादी छर्ऱ्यांना ती सोयीची पडते. पण सरळ भिंतीच्या सगळ्या पुंगळ्याही एकसारख्या नाहीत. कुणाची बेस वॅड उंच, कुणाची बसकी. कुणाची प्लास्टिकची, कुणाची कागदाची. उंचीतला एवढासा फरक आतल्या जागेचा सगळा हिशेब बदलतो.

नाव तेच राहतं आणि वस्तू बदलते, हा आणखी एक चकवा. विंचेस्टरची 'एए' पुंगळी पिढ्यान्‌पिढ्या एकाच तुकड्यातून घडवली जात असे. 1999 च्या सुमारास कंपनीने बांधणी बदलली आणि बुडात वेगळा भाग बसवायला सुरुवात केली. नाव 'एए'च राहिलं. जुनी आणि नवी पुंगळी एकाच बादलीत पडली, तर वरून पाहणाऱ्याला त्या एकाच घरच्या वाटतात. म्हणून अनुभवी लोक आतमध्ये बॅटरीचा झोत टाकून पाहतात. काही जण प्रत्येक प्रकारची एकेक पुंगळी करवतीने उभी चिरून तिची अर्धी फोड टेबलावर ठेवतात, म्हणजे भिंत कुठे जाड होते आणि बूड किती उंचीवर आहे ते नजरेसमोर राहतं. नाव वाचून भागत नाही, हे ज्याला उमगलं त्यालाच एक पुंगळी चिरण्याची बुद्धी होते.

चुकीची पुंगळी घेतली तर काय होतं, हे पाहिलं की या खटाटोपाचं महत्त्व पटतं. ऐसपैस पुंगळीसाठी दिलेलं प्रमाण अरुंद पुंगळीत भरलं, तर सामान मावत नाही. ते जोर लावून दाबलं, की दारू चेपली जाते, तोंडाच्या घड्या खोल बसतात आणि दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जातो. उलट अरुंद पुंगळीचं प्रमाण ऐसपैस पुंगळीत भरलं, तर सामान सैल बसतं. सावकाश जळणाऱ्या दारूला नीट पेट घ्यायला जो दाब लागतो, तो तयारच होत नाही. डिसेंबरच्या गोठवणाऱ्या पहाटे असं काडतूस नुसतं 'फुस्स' करतं आणि वॅड नळीत अर्ध्यावर अडकते. शिकाऱ्याला वाटतं, काडतूस कच्चं निघालं. तो घाईने दुसरं झाडतो आणि अडकलेल्या वॅडमुळे नळी फुटते. जास्त दाबाची भीती सगळ्यांना असते. कमी दाबही तितकाच घातक ठरू शकतो, हे लक्षात राहत नाही. थोडं कमी भरलं म्हणजे सुरक्षित, हा आपला नेहमीचा अंदाज इथे चालत नाही.

बेस वॅडचंही तसंच. ती वारंवारच्या आगीने सैल झाली आणि एके दिवशी छर्ऱ्यांबरोबर सुटून नळीत जाऊन बसली, तरी परिणाम तोच. म्हणून वेगळं बूड असलेली पुंगळी हातात घेतली, की आधी ते बूड घट्ट आहे का, ते पाहायचं. थोडंही हललं तर पुंगळी बाद.

पुंगळी तपासण्याची एक रीत आहे आणि ती मला फार शिकवणारी वाटते. तोंडाकडून सुरुवात करायची. घड्यांच्या रेषांवर चीर आहे का, कडा वितळली आहे का, ते पाहायचं. मूळ घड्या सहा होत्या की आठ, ते मोजायचं आणि पुन्हा तितक्याच घालायच्या. मग भिंत उजेडाकडे धरून सुईएवढं जळकं छिद्र आहे का, ते शोधायचं. प्लास्टिक आणि धातूची टोपी जिथे मिळतात तिथे तडा पडलेला असू शकतो. तिथे बोट फिरवायचं. टोपीची कड बंदुकीच्या आकड्याने ओरबाडलेली नसावी. प्रायमर बसवताना तो विनासायास आत सरकला, तर भोक सैल झालं आहे असं समजायचं. कुणाच्या बुटाखाली चेपलेली पुंगळी हाताने गोल करता येते, पण तिच्या भिंतीत घडी राहून जाते. दलदलीतून उचललेली पुंगळी असेल, तर टोपीवरचा गंज पाहायचा. अनेक टोप्या वरून पितळी दिसतात पण आतून पोलादी असतात. चुंबक लावलं की लगेच कळतं. पितळी टोपी उंच असली म्हणजे काडतूस मजबूत, हा समजही असाच वरवरचा आहे. टोपीच्या उंचीवरून आतल्या बांधणीविषयी काहीच सांगता येत नाही.

शिशापेक्षा पोलादाच्या बाबतीत ही तपासणी अधिक कडक हवी, यालाही कारण आहे. पोलाद गंजतं. पाणपक्ष्यांची शिकार म्हणजे पाऊस, धुकं आणि गुडघाभर पाणी. पुंगळीचं तोंड झिजलेलं असेल, घड्या नीट मिटत नसतील, मधोमध भोक राहत असेल, तर ओल आत शिरते. ओलीने छर्रे गंजून एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा गठ्ठा होतो. सुट्या छर्ऱ्यांऐवजी घट्ट गोळा नळीतून जायला लागला, तर नळीला इजा होऊ शकते. म्हणून बरेच जण पोलादी काडतुसांसाठी एकदाच उडालेल्या पुंगळ्या राखून ठेवतात, आणि चार-सहा वेळा भरलेल्या पुंगळ्या तबकड्यांच्या सरावाला वापरतात. पुंगळीचा इतिहास माहीत असणं हीच खरी अट आहे. नेमबाजीच्या मैदानावर पडलेल्या ढिगातून उचललेली पुंगळी किती वेळा भरली गेली, कोणत्या बंदुकीतून उडाली, कुणालाच ठाऊक नसतं. ती फुकट मिळते, पण तिच्याबरोबर तिची हकिकत मिळत नाही.

लांबीतही एक फसवणूक दडलेली आहे. काडतुसावर पावणेतीन, तीन किंवा साडेतीन इंच असं लिहिलेलं असतं. ही लांबी असते उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची. भरलेलं, घड्या मिटलेलं काडतूस तिच्यापेक्षा आखूड असतं. त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंची बंदुकीत बिनतक्रार बसतं. उडताना मात्र घड्या उघडायला जागा राहत नाही, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. आत बसलं म्हणजे चालेल, या समजुतीला इथेही थारा नाही.

किती दाबाविषयी आपण बोलतो आहोत, याची कल्पना यावी म्हणून सांगते. घरातला प्रेशर कुकर दर चौरस इंचाला साधारण 15 पौंड दाबावर काम करतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा आपण भलत्या कंपनीची रिंग त्याला लावत नाही. बारा बोअरच्या पावणेतीन आणि तीन इंची काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा 11,500 पौंड आहे, साडेतीन इंचीसाठी 14,000. हा सगळा खेळ चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर चालतो. दारूचे कारखानदार आणि लायमनसारखे प्रकाशक दाब मोजणाऱ्या यंत्रणेवर चाचण्या घेऊन प्रमाणांची पुस्तकं छापतात. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी दिलेल्या असतात: पुंगळी, प्रायमर, दारू, वॅड आणि छर्ऱ्यांचं वजन. नियम असा, की पाचही जशाच्या तशा घ्यायच्या. नुसता प्रायमर दुसऱ्या कंपनीचा घेतला, तरी दाब धोक्याच्या रेषेपर्यंत चढू शकतो. पुस्तकात चेडाइट लिहिलं असेल आणि हाताशी फक्त एसटीएस असेल, तर प्रमाणात अंदाजाने फेरफार करायचा नाही. एसटीएससाठी छापलेलं प्रमाण शोधायचं. ते नसेल, तर त्या दिवशी भरणं थांबवायचं.

थांबणं सगळ्यांत कठीण, असं मला वाटतं. प्रेस तयार आहे, दारू आणून ठेवली आहे, रविवारी पहाटे निघायचं ठरलं आहे, आणि बादलीत दुसऱ्याच जातीच्या पुंगळ्या आहेत. अशा वेळी मन भराभर कारणं शोधतं. फरक किती असणार? मागच्या वेळी चाललंच होतं ना? आपल्या सगळ्यांना हे मन ओळखीचं आहे. गावच्या वायरमनला, दवाखान्यातल्या कंपाउंडरला, पूल बांधणाऱ्या ठेकेदाराला, घाईने जेवण उरकून गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरला ते रोज भेटतं. हाताशी आहे त्यात निभावून नेण्याची आपली हुशारी खरी आहे. तिच्यावर अनेक संसार उभे राहिले आहेत आणि तिला नावं ठेवण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण तिला एक सीमा आहे. जिथे चुकीची किंमत वस्तू फेडते, तिथे निभावून न्यावं. जिथे ती किंमत माणसाच्या डोळ्यांनी किंवा हातांनी फेडायची असते, शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याने फेडायची असते, तिथे निभावून नेण्याला जागा नाही. मागच्या वेळी काही झालं नाही, एवढ्यावरून आपण बरोबर होतो असं ठरत नाही. कदाचित दाब मर्यादेच्या अगदी काठावर गेला असेल आणि आपल्याला कळलंही नसेल.

बाद ठरवलेल्या पुंगळीचं काय करायचं, याचीही शिस्त आहे. ती टेबलाच्या कोपऱ्यात बाजूला ठेवली, तर महिन्याभराने परत बादलीत येते; आपल्याच हाताने येते. म्हणून नाकारताक्षणी तिचं तोंड पक्कडीने चेपायचं किंवा कात्रीने कापायचं आणि मगच कचऱ्यात टाकायची. निर्णय एकदा नीट घेतला, की तो उद्याच्या आपल्या आळसापासून वाचवून ठेवावा लागतो. आणि कचरा म्हणजे घरचा कचरा, तळं नव्हे. उडालेली पुंगळी पाण्यात पडली तर ती उचलून आणायची, ती पुन्हा भरण्याजोगी असो वा नसो. शिसं गेलं आणि त्याच्या जागी प्लास्टिक साचलं, तर तळ्याच्या पदरात फारसं काही पडलं असं म्हणता येणार नाही.

भरून झालेल्या काडतुसावरही एक काम उरतं. जुन्या पुंगळीवर मूळ छपाई तशीच असते. तिच्यावर साडेसात नंबरचे शिशाचे छर्रे असं लिहिलेलं असेल आणि आत असतील दोन नंबरचे पोलादी. पाणपक्ष्यांच्या शिकारीला जाताना शिशाचं काडतूस खिशात असणंही तिथे गुन्हा आहे, त्यामुळे वन्यजीव अधिकारी थांबवून तपासू शकतो. कायद्याची बाजू झालीच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की भरणारा नसताना ते काडतूस दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं. मुलगा, भाऊ, मित्र कुणीही ते उचलेल आणि छापलेलं खरं मानेल. म्हणून डब्यावर चिठ्ठी हवी: कोणती पुंगळी, कितव्यांदा भरली, कोणती दारू किती, कोणते छर्रे, कोणत्या तारखेला. आपण आत काय भरलं, ते बाहेर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवणं ही दुसऱ्याच्या जिवाची काळजी आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता अशा शिकारीला वाव राहिलेला नाही. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला आपण दुर्बीण घेऊन जातो, आणि ते योग्यच आहे. पण शिशाचा भूतकाळ आपल्या देशालाही आहे. भरतपूरच्या पाणथळीवर 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. तो आकडा तिथे दगडात कोरलेला आहे. त्या काळी छर्रे शिशाचेच असत. पडलेले पक्षी मोजले गेले, पाण्यात राहिलेलं शिसं कुणी मोजलं नाही. शिकार करावी की नाही, याविषयी माझं आणि मिनेसोटातल्या शिकाऱ्याचं मत जुळेलच असं नाही. तरीही जो माणूस गाळातल्या विषाचा विचार करून धातू बदलतो, मग त्या धातूसाठी प्रत्येक पुंगळी उजेडात धरून पाहतो, त्याच्या या सावधपणाला मी मान देते. जीव घेण्याची मुभा ज्याला कायद्याने दिली आहे, त्याच्यावर काळजीचं ओझं इतरांपेक्षा जास्त असायला हवं, आणि असा माणूस ते उचलतो.

पोलादी छर्ऱ्यांचा इतिहास आणि पुंगळीची निवड या दोन्हींतून मला एकच शिकवण मिळते. नुकसान बहुतेक वेळा न दिसणाऱ्या जागी आकार घेतं: तळ्याच्या गाळात, पुंगळीच्या भिंतीत, सैल झालेल्या बुडात. तिथे नजर पोहोचवण्यासाठी थोडे कष्ट पडतात आणि थोडी गैरसोय सोसावी लागते. पुनर्वापर हा आज सगळीकडे गौरवाचा शब्द झाला आहे आणि तो व्हायलाच हवा. पण जुनी वस्तू नव्या कामाला लावताना दोन प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे असली पाहिजेत. ही आतून कशी आहे? आणि नवं काम तिच्याकडून जुन्यापेक्षा जास्त काही मागतं का? जुन्या घराच्या भिंतीवर नवा मजला चढवताना, एका रुग्णाचं उरलेलं औषध दुसऱ्याला देताना, एका कामासाठी केलेला नियम दुसऱ्या कामाला लावताना हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. उत्तरं मिळाली तर वस्तू आनंदाने पुन्हा वापरावी, कारण तिच्यात कुणाचे तरी श्रम आणि पृथ्वीचं द्रव्य साठलेलं आहे. उत्तरं मिळाली नाहीत तर ती खंत न बाळगता टाकून द्यावी. अशा वेळी टाकणं ही उधळपट्टी ठरत नाही. तोही काटकसरीचाच भाग आहे, कारण माणसाचा जीव आणि तळ्यातलं पाणी यांच्या बाबतीत तर आपण अधिकच काटकसरी असलं पाहिजे.